शेततळ्यातील मासळीची पारख : आरंभ बांधावरच व्हावा

खंडाळा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा नदी वाहते आणि वीर धरणाचा विस्तीर्ण जलाशय तालुक्याला लागूनच पसरलेला आहे. असे असूनही तालुक्यातील अनेक गावांना पावसाची वाट पाहावी लागते. नीरा-देवघर व धोम-बलकवडी या प्रकल्पांच्या कालव्यांनी काही गावांची स्थिती पालटली. जेथे पाणी पोहोचले नाही अथवा वेळेवर पोहोचत नाही, तेथे शेतकऱ्याला शेततळ्याचा आधार घ्यावा लागतो. पावसाळ्यात साठविलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत पिकास व जनावरांस पुरवावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू होय. परंतु साठलेल्या पाण्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली, तर त्याच पाण्यातून आणखी एक पीक निघते. 2025 साली महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे तळ्यातील मासळी हे शेतीचेच पीक होय, या विचारास अधिकृत मान्यता मिळाली.

या पिकाविषयी जेवढे बोलले व लिहिले जाते, ते बहुतेक उत्पादनाविषयी असते. बोटुकली किती सोडावीत, खाद्य किती द्यावे, पाण्याचा सामू किती असावा, याची माहिती आता गावोगाव पोहोचली आहे. मासळी निर्मळ आहे हे ग्राहकाला कसे पटवावयाचे, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. तो कारखानदारांचा व निर्यातदारांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे शेतकऱ्यास वाटते; आणि सल्ला देणारा कार्यकर्ताही पुष्कळदा तसेच समजतो. ही समजूत बदलण्याची वेळ आली आहे. मासळीच्या शुद्धतेचा दाखला कोणत्याही कचेरीतून मिळो, त्याचा पाया तळ्याच्या बांधावरच घातला जातो आणि बांधावर तो घातला गेला नसेल, तर पुढे कितीही शिक्के मारले तरी उपयोग होत नाही.

समुद्राकाठचा अनुभव

या बाबतीत समुद्राकाठच्या व्यवसायाने जो धडा मोठी किंमत देऊन घेतला, तो घाटावरील शेतकऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. परदेशी जाणाऱ्या मालाच्या तपासणीसाठी 1963 साली कायदा झाला आणि 1964 मध्ये निर्यात तपासणी परिषद अस्तित्वात आली. तयार मालातून नमुना घ्यावयाचा, तो तपासावयाचा आणि चांगला निघाल्यास दाखला द्यावयाचा, अशी तपासणीची जुनी रीत होती. या रीतीत एक उणीव होती. पोत्याच्या एका कोपऱ्यातून काढलेले मूठभर धान्य चांगले निघाले म्हणून तळाशी कीड नाही असे म्हणता येत नाही. आणि मासळी तर धान्यापेक्षा कितीतरी लवकर नासणारी वस्तू आहे.

ऑगस्ट 1997 मध्ये युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या मासळीची आयात थांबविली. मालात रोगजंतू आढळले होते आणि तेथून आलेल्या तपासनीसांना येथील व्यवस्थेविषयी समाधान वाटले नव्हते. ही बंदी डिसेंबर 1997 मध्ये उठली, तीही मंजुरी मिळालेल्या कारखान्यांच्या मालापुरती. मधल्या काळात ज्यांचा माल निर्दोष होता, त्यांचाही माल अडकून पडला. बंदी घालणाऱ्याने प्रत्येक कारखान्याचा वेगळा विचार केला नाही. त्याने देशाचे नाव पाहिले.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतही मासळीसाठी नवी पद्धत सक्तीची झाली. हॅसॅप या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत मुळात अंतराळवीरांच्या अन्नासाठी 1960 नंतरच्या दशकात तयार करण्यात आली. अंतराळात गेलेल्या मनुष्यास अन्नबाधा झाली तर वैद्य बोलावता येत नाही; म्हणून तयार अन्न तपासत बसण्याऐवजी, ते बिघडू शकेल अशी ठिकाणे आधीच हेरावीत, तेथे पहारा ठेवावा आणि पहारा ठेवल्याची नोंद करावी, असे ठरले. पद्धतीचे नाव परके असले तरी तिच्यातील विचार परका नाही. दुभत्या जनावराची कास धुऊन, भांडे विसळून मग धार काढणारी गृहिणी हेच करीत असते. तिच्यात आणि कारखान्यात फरक एवढाच की ती नोंद ठेवीत नाही.

औषधाचा अंश

पुढे तपासणीचा रोख कारखान्याकडून तळ्याकडे वळला. कोळंबीच्या तळ्यात रोग पडला की क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविके टाकण्याची सवय लागली होती आणि त्यांचे अंश मालात सापडू लागले. क्लोरॅम्फेनिकॉलच्या बाबतीत युरोपात कारवाईची मर्यादा किलोमागे 0.3 मायक्रोग्रॅम होती. 2022 च्या अखेरीस ती निम्म्यावर, म्हणजे 0.15 मायक्रोग्रॅमवर आणण्यात आली. जुन्या मर्यादेचा अर्थ असा की एक ग्रॅम औषध सुमारे 33 लाख किलो मासळीत वाटले गेले, तरी ते यंत्रास सापडावे. थोडेसे टाकले तर कोणाला कळणार, ही भावना त्यामुळे निराधार ठरते.

2016 साली युरोपीय संघाने भारतातील तळ्यांत वाढविलेल्या मालाच्या तपासणीचे प्रमाण शेकडा 10 खेपांवरून शेकडा 50 खेपांवर नेले. तपासणी वाढली की बंदरात माल थांबतो, खर्च वाढतो आणि तो खर्च व्यापारी अखेरीस उत्पादकाच्या भावातूनच कापून घेतो. यावर उपाय म्हणून जी व्यवस्था रूढ झाली आहे ती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. युरोपकडे जाणाऱ्या कोळंबीचा नमुना जाळे टाकण्यापूर्वीच तळ्यातून घेतला जातो, सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या प्रयोगशाळेत तो तपासला जातो आणि निर्दोष ठरल्यावरच दाखला मिळतो. जहाजाच्या धक्क्यावरची तपासणी अशा रीतीने मागे सरकत तळ्याच्या काठापर्यंत येऊन पोहोचली आहे.

खंडाळ्याचा यात काय संबंध?

यावर खंडाळ्यातील शेतकरी विचारील की त्याची मासळी लोणंदच्या किंवा शिरवळच्या बाजारात जाते, फार तर पुण्यास जाते. परदेशाच्या नियमांशी त्याचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. शिवाय 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यातील कलम 18 मध्ये शेतकरी, मच्छीमार व शेतावरील उत्पादन यांना त्या कायद्याच्या तरतुदींतून वगळलेले आहे. लहान उत्पादकाच्या दारी परवान्याचा ससेमिरा लागू नये हा यामागील हेतू योग्यच होय. परंतु सूट आणि संरक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत. कायदा बांधाशी थांबतो, ग्राहकाचा संशय मात्र थेट तळ्यापर्यंत येतो.

जुलै 2018 मध्ये गोव्यात हेच दिसून आले. मडगावच्या घाऊक बाजारात परराज्यांतून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचे प्राथमिक तपासणीत आढळले. त्याच दिवशी पुढे ते प्रमाण मर्यादेत असल्याचे जाहीर झाले. मृतदेह टिकविण्यासाठी वापरले जाणारे हे द्रव्य मासळीवर मारण्यास कोणत्याही प्रमाणात परवानगी नाही, हे लोकांना ठाऊक होते. दोन परस्परविरोधी निष्कर्ष ऐकल्यावर लोकांनी दोन्हींवर अविश्वास दाखविला आणि मासळीकडे पाठ फिरविली. राज्य सरकारला प्रथम पंधरा दिवस बाहेरील मासळी बंद करावी लागली आणि नोव्हेंबरात नव्या अटी घालाव्या लागल्या. त्या अटींमुळे शेजारच्या सिंधुदुर्ग व कारवार येथील लहान विक्रेत्यांच्या गाड्याही अडल्या. आपला माल कोठून व केव्हा निघाला, हे दाखविणारा कागद हाती नसला म्हणजे निर्दोष मनुष्यही दोषी माणसाच्या रांगेत उभा राहतो.

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यास हा अनुभव द्राक्षांच्या रूपाने परिचित आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश आढळल्यामुळे महाराष्ट्रातील द्राक्षे युरोपात अडली आणि बागाईतदारांस मोठा फटका बसला. निर्यातीच्या बागांची नोंदणी त्यापूर्वीपासूनच होत होती. तरीही एका द्रव्याने घात केला. मात्र कोणत्या बागेत कोणती फवारणी केव्हा झाली हे लिहून ठेवण्याची जी सवय या व्यवसायाला लागली, तिच्या बळावरच तो पुन्हा सावरला. मासळीच्या धंद्यास ठोकर बसण्यापूर्वीच ही सवय लावून घेता येणार नाही काय?

तळ्यावरील धोक्याची ठिकाणे

शेततळ्याचा आकार लहान असल्यामुळे त्यावरील धोक्याची ठिकाणे मोजकी आहेत आणि ती डोळ्यांना दिसणारी आहेत.

पहिले ठिकाण पाण्याच्या वाटेचे. शेतातून वाहून येणारे पाणी कीटकनाशके व खते घेऊन येते. फवारणीचा पंप तळ्याच्या पाण्यात बुचकळणे अथवा त्याच्या काठावर धुणे ही किरकोळ वाटणारी कृती माशांना मारकही ठरते. तळ्याभोवती बांध उंच ठेवून शेतातील पाणी बाहेरून वळविणे एवढ्यानेही बराच धोका टळतो.

दुसरे ठिकाण बोटुकलीचे. कोठून आणली, केव्हा आणली, येताना त्यांच्यावर कोणते औषध वापरले होते, हे विचारून पावती घ्यावी. बुरशीवर म्हणून मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग वापरण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. निर्यातीच्या मालात तो निषिद्ध आहे आणि घरच्या मुलांच्या ताटात तो जावा असे कोणासही वाटणार नाही.

तिसरे ठिकाण खताचे व खाद्याचे. कोंबड्यांची ताजी विष्ठा थेट तळ्यात टाकल्याने पाण्यात रोगजंतू येतात. शिवाय कोंबड्यांना दिलेली प्रतिजैविके विष्ठेतून तळ्यात उतरू शकतात. म्हणजे शेतकऱ्याने स्वतः माशांना औषध दिले नसले तरी माशांत त्याचा अंश सापडू शकतो. बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड जनावराला नको म्हणून माशांना घालण्याची चूकही करू नये. त्या बुरशीचे विष माशांनाही बाधते.

चौथे ठिकाण औषधाचे. मासे वर येऊन तोंड उघडू लागले की घाबरून औषधाच्या दुकानाकडे धाव घेतली जाते. बहुधा तो रोग नसून पाण्यातील प्राणवायूची कमतरता असते आणि पाणी बदलल्याने वा पंपाने पाणी उसळविल्याने ती दूर होते. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान ही अन्न देणाऱ्या प्राण्यांत वापरण्यास 2025 साली केंद्र शासनाने बंदी घातली आहे. अन्य कोणतेही औषध पशुवैद्यकाच्या किंवा मत्स्यतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून देऊ नये आणि दिल्यास त्याचा अंश शरीरातून निघून जाईपर्यंत जाळे टाकू नये.

पाचवे ठिकाण काढणीचे. येथे तर एका तासात वर्षाचे श्रम वाया जाऊ शकतात. काढणीपूर्वी एक दिवस खाद्य बंद ठेवावे, पहाटेच्या गारव्यात जाळे ओढावे, मासळी स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच बर्फात ठेवावी. उन्हाळ्यात एक किलो मासळीस एक किलो बर्फ हे प्रमाण ठेवावे. बर्फ खाण्यायोग्य पाण्याचाच असावा. अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्यास निळसर रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात 2018 साली झाला, तो याच कारणाने. मासळी जमिनीवर किंवा खताच्या रिकाम्या पोत्यावर न टाकता धुतलेल्या क्रेटमध्ये भरावी. लालभडक कल्ले, फुगीर व चकचकीत डोळे आणि बोटाने दाबल्यास पुन्हा वर येणारे मांस ही ताज्या मासळीची लक्षणे ग्राहक जाणतो. त्याला फसविता येत नाही, आणि फसविण्याची गरजही पडू नये.

नोंदवहीचे महत्त्व

या पाचही ठिकाणी जे केले जाते ते लिहून ठेवणे, हेच प्रमाणीकरणाचे खरे काम. त्यासाठी शाळकरी मुलाची शंभर पानी वही पुरते. पाणी केव्हा व कोठून भरले, बोटुकली कोणाकडून व किती आणली, खाद्य कोणते व किती दिले, मासे मेले तर किती व कोणत्या दिवशी, औषध दिले तर कोणते, कोणाच्या सल्ल्याने व किती, काढणी केव्हा झाली, किती किलो निघाली आणि कोणास विकली, एवढ्या गोष्टी तारखेसह लिहिल्या म्हणजे झाले. औषध दिले नसेल, तर दिले नाही असेही लिहावे. ज्या घरी शेतकऱ्यास लिहिणे जमत नाही, तेथे शाळेत जाणारी मुलगी ही वही उत्तम ठेवू शकेल. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे, याचे स्मरण या ठिकाणी अप्रस्तुत ठरू नये.

या वहीचा पहिला लाभ बाहेरच्या तपासनीसाला नसून खुद्द शेतकऱ्याला होतो. खाद्यावर किती खर्च झाला आणि मासळी किती निघाली हा हिशेब डोळ्यांपुढे आला, की व्यापाऱ्याने बांधावर सांगितलेला भाव परवडतो की नाही हे त्यास कळते. सांप्रत पुष्कळ व्यवहार असा होतो की गाडी दाराशी उभी राहते, मासळी निघालेली असते, ऊन चढत असते आणि मिळेल तो भाव घ्यावा लागतो. ज्याच्याजवळ बर्फ आहे आणि वही आहे, त्याला निदान एक दिवस थांबता येते. बाजारात एका दिवसाची सवड ही काही लहान गोष्ट नव्हे.

तपासणी कशी असावी

तपासणीविषयी शेतकऱ्याच्या मनात जी भीती आहे तिला आधार नाही असे म्हणता येणार नाही. तपासणी म्हणजे वर्षातून एकदा येणारी गाडी, घाईने लिहिलेली मागील बारा महिन्यांची वही, सह्या आणि चहापान, असे तिचे रूप झाले तर ती नसलेली बरी. एकाच शाईने, एकाच बैठकीत भरलेली नोंदवही ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाही; ती पाहून न पाहिल्यासारखे करणारा तपासनीस शेतकऱ्याचे हित करीत नाही. उद्या त्या तळ्यातील मासळीत काही निघाले, तर शिक्षा संपूर्ण तालुक्याच्या मालाला होईल.

दुसऱ्या बाजूस, चुका शोधून शेतकऱ्याला घाबरविणे हेही तपासणीचे प्रयोजन नव्हे. चूक प्रामाणिकपणे वहीत लिहिली म्हणून दंड होणार असेल, तर पुढच्या वेळी कोणीही ती लिहिणार नाही. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रथम सल्लागार म्हणून तळ्यावर जावे. वही पाहावी, दोष दाखवावा, तो सुधारण्यास मुदत द्यावी आणि मुदतीनंतर पुन्हा जावे. निष्कर्ष काय निघाला हे त्याच दिवशी, समजेल अशा भाषेत शेतकऱ्याला लेखी द्यावे. गोव्यातील प्रकरणात मासळीइतकाच तपासणीवरील विश्वासही नासला होता, हे विसरून चालणार नाही.

खर्चाचा प्रश्न राहतो. प्रयोगशाळेतील औषध-अंशाची तपासणी एका लहान शेततळ्यास परवडणारी नाही, हे स्पष्ट आहे. तिचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकला तर प्रमाणपत्र हे मोठ्या उत्पादकांचेच भूषण होऊन बसेल आणि लहान उत्पादक बाजारातून मागे ढकलला जाईल. म्हणून हे काम गटानेच व्हावयास हवे. दहा-पंधरा तळ्यांनी एकच नियमावली पाळावी, एकमेकांच्या वह्या तपासाव्यात आणि त्यांतील काही तळ्यांचे नमुने पाळीपाळीने प्रयोगशाळेत जावेत. शेजाऱ्याच्या चुकीने आपला माल अडणार आहे हे माहीत असलेल्या शेतकऱ्याइतका जागरूक तपासनीस दुसरा मिळणे कठीण. 2024 मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या, 2023-24 ते 2026-27 या चार वर्षांच्या मत्स्य किसान समृद्धी सहयोजनेत मालाची सुरक्षितता व गुणवत्ता राखण्याच्या व्यवस्थेसाठी साहाय्याची तरतूद ठेवण्यात आली. असे साहाय्य लहान गटांपर्यंत पोहोचविणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य ठरते.

आरंभ कोठून करावा

या दृष्टीने खंडाळा तालुक्याची स्थिती अनुकूल आहे. शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. प्राण्यांना द्यावयाच्या औषधांविषयी शास्त्रीय सल्ला त्याहून जवळ कोठे मिळणार? पुणे-बंगळूर महामार्ग तालुक्यातून जातो, त्यामुळे पहाटे निघालेली मासळी सकाळीच पुण्यात पोहोचू शकते. शिरवळच्या औद्योगिक वसाहतीमुळे नियमित खरेदी करणारा ग्राहकही दाराशी आहे. कांद्याच्या व्यापाराने लोणंदला प्रतवारीचे महत्त्व फार पूर्वीच शिकविले आहे. निवडलेल्या कांद्याला निराळा भाव मिळतो हे ज्या शेतकऱ्यास कळते, त्याला मासळीतील निवड समजावून सांगण्यास वेळ लागणार नाही.

तालुक्यातील एखाद्या गावी एका गटाने एक हंगाम हा प्रयोग करून पाहावा. तळ्याला क्रमांक द्यावा, वही ठेवावी, काढणीच्या प्रत्येक क्रेटवर तळ्याचा क्रमांक व काढणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी आणि ग्राहकास ती वाचू द्यावी. हंगामाच्या शेवटी भावात किती फरक पडला आणि किती मासळी वाया जाण्यापासून वाचली, याचा हिशेब गावापुढे मांडावा. फायदा झाला नाही तर तेही मोकळेपणाने सांगावे. खोटा गाजावाजा करून योजना पसरविण्यापेक्षा खरा हिशेब सांगून ती सुधारणे अधिक श्रेयस्कर.

परदेशातील तपासनीस खंडाळ्यात येईल की नाही हे आज सांगता येत नाही. परंतु शेततळ्यातील मासळीचा पहिला ग्राहक शेतकऱ्याचे स्वतःचे घर असते आणि दुसरा त्याचा शेजारी. या दोघांना जी मासळी निःशंकपणे देता येते, तीच जगात कोठेही पाठविता येते. बांधावरच्या वहीत आज लिहिलेली एक ओळ उद्याच्या प्रमाणपत्राची पहिली ओळ असते. ती लिहिण्यास येत्या हंगामातील बोटुकली तळ्यात सोडण्याच्या दिवसापासूनच आरंभ व्हावा.